मुक्कामी गाडी

मोटारहोम म्हणजे काय, हे मला समजायला दोन संध्याकाळी आणि चार व्हिडिओ लागले होते. माझ्या मामाला दीड मिनिट लागलं. भाड्यानं आणलेली ती पांढरी धूड गाडी मी आयन्डहोव्हनच्या आमच्या घरासमोर उभी केली, बाजूचं दार उघडलं आणि दाखवत गेलो. हा पलंग, ही शेगडी, हे मोरीएवढं न्हाणीघर, रात्री हिच्यातच झोपायचं आणि सकाळी पुढं निघायचं. मामानं टायरला बुटाचं टोक मारून हवा पाहिली, आत डोकावला आणि म्हणाला,

"म्हंजे मुक्कामी गाडी."

ज्यांनी खेड्यात दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी शेवटची म्हणून जी एसटी गावात येते, रात्री पारापाशी नाहीतर शाळेपुढं उभी राहते आणि पहाटे पहिली म्हणून तालुक्याला निघते, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपतात. मामा अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर होता, आणि त्यातली कितीतरी वर्षं किनवटच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर मागच्या लांब बाकड्यावर पंचा पसरून झोपला होता. त्यामुळं युरोपातली हौशी मंडळी ज्या अनुभवासाठी वर्षभर पैसे साठवतात, तो मामानं रात्रभत्ता घेऊन घेतलेला होता.

आमचं गाव इस्लापूर. किनवट तालुका, जिल्हा नांदेड. किनवट-नांदेड गाडी आमच्यावरूनच हिमायतनगर, भोकर करत जाते. गावाजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, त्याचा अलीकडचा काठ नांदेडात आणि पलीकडचा यवतमाळात. शाळेत असताना मी पास काढून मामाच्याच गाडीनं किनवटला जायचो. मामा रोज माझा पास मागायचा. रोज. उलटून पाहायचा, तारीख वाचायचा, फोटो आणि माझं तोंड ताडून बघायचा आणि परत द्यायचा. एकदा भाऊबीजेला माझी आई हिमायतनगरहून त्याच्याच गाडीत बसली. मामानं सख्ख्या बहिणीचं पूर्ण तिकीट फाडलं, वर सुट्टे मागितले. घरी आल्यावर ओवाळणीत तेवढेच पैसे आणि वर एक रुपया टाकला. आई हे आजही सांगते. कौतुकानं की रागानं, ते मला अजून कळलेलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मामा निवृत्त झाला. म्हणजे खात्यानं केला. तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन आलं होतं, ते मशीन त्यानं परत केलं. चामडी पिशवी मात्र स्वतःची होती, ती राहिली. तीच गळ्यात घालून तो विमानातून उतरला. पासपोर्ट तिच्यात, बी.पी.च्या गोळ्या तिच्यात, आणि मी दिलेले युरो नोटा वेगळ्या, नाणी वेगळी असे कप्प्याकप्प्यांत.

तर निघायच्या दिवशी सकाळी पाहतो तो काचेमागं पाटी. माझ्या मुलीच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा, पाठीमागच्या बाजूवर जाड मार्करनं वळणदार देवनागरी अक्षरं: 'आयन्डहोव्हन – ब्रुखे, मार्गे अँटवर्प'.

"मामा, इथं कोण वाचणार आहे?"

"कुणी वाचूलाला का न्हाई, त्ये आपलं काम न्हाई. बिगरपाटीची गाडी म्हंजे बेवारस."

ब्रुखे हे त्या गावाचं तिथलं नाव. बाकी जगाला ते ब्रूज म्हणून ठाऊक आहे. मामाच्या तोंडात पहिला तासभर ते 'भोकर' असंच येत होतं, कारण चाळीस वर्षं 'मार्गे' या शब्दामागं त्याची जीभ आपोआप भोकरलाच वळली होती.

आम्ही पाच जण, पाच पट्टे. मी, बायको, मुलगी, मामा, मामी. मामाचा पट्ट्याला विरोध नव्हता, बसण्याला होता. गाडी चालू असताना कंडक्टरनं बूड टेकवायचं ते फार तर वेबिल भरण्यापुरतं. शेवटी त्याला एक वही दिली. सुटण्याची वेळ, किलोमीटर, प्रवासी संख्या: पूर्ण 4, अर्धे 1. गाडीत शिरल्या क्षणापासून मी त्याचा भाचा राहिलो नव्हतो. "डायवर" झालो होतो. डबल बेलशिवाय मी गाडी हलवू नये, असा नियम निघाला. बेल नव्हती, म्हणून तो पेन्सिलीनं शेगडीवरच्या कपाटाच्या दांडीवर टण-टण करायचा. एक वाजवली की थांबा, दोन वाजवल्या की चला. अँटवर्पच्या वळणरस्त्यावर, तीन रांगांतून ट्रक धावत असताना, त्यानं एक वाजवली. मामीला उलटीसारखं होत होतं. मी ओरडून सांगितलं की इथं थांबता येत नाही. "विनंती थांबा न्हाई का?" मामानं विचारलं, आणि वहीत नोंद केली.

पाऊस घेंटच्या अलीकडं लागला आणि पुढचे तीन दिवस सुटला नाही. तिकडचा पाऊस आपल्याला पाऊस वाटतच नाही. तो कोसळत नाही, गरजत नाही, नुसता असतो. मामानं पहिल्या संध्याकाळी काचेला नाक लावून त्याचा अभ्यास केला. श्रावणात सहस्रकुंडावर उभं राहिलेला माणूस तो. तिथं पाणी असं फुटतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. "आपला पाऊस म्हंजे बंदी नोट," तो म्हणाला. "ह्यो चिल्लर हाय. दिवसभर मोजा, शंभर भरत न्हाईत."

मुक्कामाची जागा गावाबाहेर होती. कालव्याच्या काठी मोटारहोमांसाठी आखलेलं आवार आहे, लागूनच सहलींच्या मोठ्या बसगाड्यांचा तळ. दोन जर्मन गाड्यांच्या मधल्या फटीत मला मागं घ्यायचं होतं. गाडीला मागं कॅमेरा होता, शिवाय तो पीं-पीं करणारा यंत्रराक्षस. त्या दोघांनाही मामानं मोडीत काढलं. पिशवीतून शिटी काढली (ती त्यानं विमानातून आणली होती, सुरक्षातपासणीत दोनदा वाजवून दाखवावी लागली), टॉवेल डोक्यावर घेतला आणि पावसात उतरला. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." एका हातानं गाडीच्या पाठीवर थाप. "डावं मारा! डावं! येऊ द्या... बास!" शेवटच्या शिटीसरशी मी तर थांबलोच, पण मागच्या रांगेत एक डच म्हातारा आपली गाडी लावत होता तोही थांबला, आणि मामानं हात हलवेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी दोन गाड्यांनी मामाला बोलावून नेलं.

ब्रूजबद्दल लिहिणारे लोक पहिल्याच ओळीत परीकथा आणतात. मी आणणार नाही. ते विटांचं, उतरत्या कौलांचं, घरांच्या पायऱ्यांशी पाणी आलेलं गाव आहे, आणि ते तसं का राहिलं याची गोष्ट कालव्यातल्या गाळात आहे. 1134 साली समुद्राच्या वादळानं किनारा फोडला आणि त्स्विन नावाची खाडी गावाच्या दिशेनं आत आली. तिच्यावरून जहाजं आली, इंग्लंडची लोकर आली, व्यापारी आले. मग ती खाडी गाळानं भरत गेली. 1500 च्या सुमाराला जहाजं येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पला गेला. गावाकडं जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. म्हणून जुनं राहिलं. आज त्याच जुन्यासाठी जग रांग लावतं, आणि 2000 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं. हे सगळं मी मामाला छत्रीखाली, पुलावर उभं राहून, मला वाटलं तर फारच रसाळपणे सांगितलं. मामानं एका वाक्यात गुंडाळलं: "रूट बंद पडला." आणि थोडं थांबून, "अँटवर्पनं पळवला."

राज्यं बदलल्याचं सांगितलं तेव्हा मात्र तो फुलला. ब्रूज बर्गंडीच्या सरदारांकडं होतं, मग स्पेनच्या, ऑस्ट्रियाच्या, फ्रान्सच्या, हॉलंडच्या ताब्यात गेलं, 1830 नंतर बेल्जियमचं झालं. "त्यात काय," मामा म्हणाला. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजाम. मग हैदराबाद राज्य. इस्लापूर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. "गाव जाग्यावर. टप्पे बदलले." आणि हे खरं आहे की 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूर सर्कलचं नाव छापलेलं आहे. मामाला तो कायदा एवढ्यापुरताच माहीत आहे, पण एवढा पक्का माहीत आहे की त्यानं तो होडीच्या तिकीटखिडकीवरल्या मुलीलाही सांगितला. मराठीतून. ती म्हणाली, "ओके."

होडीत मामाचा मूड बिघडला. होडीवाला एकटाच: तोच इंजिन सांभाळणार, तोच तिकिटं घेणार, तोच तीन भाषांत माहिती सांगणार. "चालक तथा वाहक," मामा तोंड कडू करून म्हणाला. आपल्या एसटीतही तशी पदं निघाली आहेत आणि मामाच्या मते जग बिघडायला तिथूनच सुरुवात झाली. पूल इतके ठेंगणे की खाली जाताना माना वाकवाव्या लागतात. होडीवाला हसत हसत सूचना द्यायचा. मामा त्याच्या आधीच उठून, छत्री मिटून, मागच्या अख्ख्या जपानी कुटुंबाला खाली बसवायचा. "हात भाईर काढू नका! ओ मावशी, हात!" मावशीनं हात आत घेतला. मला वाटतं, अधिकार भाषेत नसतोच. तो आवाजाच्या पट्टीत असतो.

पाण्यात हंस होते. होडीवाल्यानं त्यांची दंतकथा सांगितली. 1488 मध्ये गावकऱ्यांनी बंड केलं, ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियानला कोंडून ठेवलं आणि त्याच्या लांखाल्स नावाच्या माणसाचं मुंडकं उडवलं. लांखाल्स म्हणजे लांबमान्या. म्हणून शिक्षा अशी झाली की या गावानं लांब मानेचे पक्षी कायमचे पाळायचे. मामा हळहळला. "एका माणसापायी पिढ्यान्‌पिढ्या वसुली. आपल्याकडं निदान चौकशी तरी लागती."

घंटाघराला मात्र तो मानला. बाजारचौकात त्र्याऐंशी मीटर उंच मनोरा, 366 पायऱ्या, वर सत्तेचाळीस घंटा. गुडघा दुखत असून मामा चढला. मोजत चढला. वर गेल्यावर म्हणाला, तीनशे पासष्टच भरल्या. मी म्हटलं, पाटीवर सहासष्ट लिहिल्यात. तो उतरताना पुन्हा मोजत उतरला आणि खाली आल्यावर समाधानानं म्हणाला, "सहासष्ट. वर जाताना एक बिगरतिकिटाची घुसली हुती." तेवढ्यात पाव तास झाला आणि वरून घंटानाद सुरू झाला. धूनच्या धून. भिजलेला चौक, घोडागाड्या, छत्र्या, सगळे माना वर करून उभे. मामा अस्वस्थ. एकदा मनोऱ्याकडं बघे, एकदा चौकातल्या माणसांकडं. "दोनात गाडी सुटती," तो माझ्या कानाशी म्हणाला. "इथं सत्तेचाळीस वाजूलालेत आन् एक माणूस हालंना."

देवळात मायकेलअँजेलोनं घडवलेली मेरी आहे, पांढऱ्या संगमरवराची, बाळ गुडघ्यापाशी. मामीनं हात जोडले. ती मूर्ती 1794 मध्ये फ्रेंचांनी नेली होती, 1944 मध्ये जर्मनांनी. दोन्ही वेळा परत आली, असं मी सांगितलं. "रिटर्न तिकीट हुतं," मामा म्हणाला आणि मेणबत्तीच्या पेटीत नाणं टाकलं. वहीत नोंद.

मामीचं सांगायचं राहिलंच. ती फारसं बोलत नाही. चाळीस वर्षं कंडक्टरशी संसार केलेल्या बाईला बोलायला फार जागा उरत नसावी. तिनं गाडी पहिल्या तासात ताब्यात घेतली. ज्वारीचं पीठ तिनं आणलंच होतं. त्या दोन फुटांच्या ओट्यावर भाकरी थापताना बाहेर पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि ती म्हणायची, "आपल्या घरासारखंच वाजूलालंय." गाडीला पाण्याची टाकी शंभरएक लिटरची. भाड्यानं देणाऱ्यानं बजावलं होतं की पाच माणसांना रोज भरावी लागेल. तीन दिवसांनी मी काटा पाहिला तर निम्म्याहून जास्त शिल्लक. मामीनं सगळ्यांच्या आंघोळी एकेका तांब्या-पातेल्यात उरकल्या होत्या, भांडी आधी पुसून मग धुतली होती, आणि छतावरून गळणारं पाणी बादलीत धरलं होतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी एका दारूभट्टीवरून जाताना मी उगाच माहिती दिली. इथं बिअर गावात बनते आणि बाटल्या गावाबाहेर भरतात. टँकरांनी गल्ल्या तुंबायच्या म्हणून यांनी जमिनीखालून सुमारे तीन किलोमीटरची नळी टाकली, बिअरची.

"कवा?" मामीनं विचारलं. ती प्रश्न विचारते हीच बातमी.

"2016."

ती चालायची थांबली. तिची बहीण लातूरला असते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. मावशी तेव्हा रात्री घागरी घेऊन नंबर लावायची. मामीनं पायाखालच्या ओल्या दगडांकडं, म्हणजे त्यांच्याखाली असलेल्या नळीकडं, बराच वेळ पाहिलं. मग वर पावसाकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढला आणि मामाला म्हणाली, "चला हो." एवढंच.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आम्ही निघायच्या बेतात होतो. पाटी उलटी करून परतीची लावली होती: 'ब्रुखे – आयन्डहोव्हन, मार्गे अँटवर्प'. अंधारून आलेलं. मामानं डोकी मोजली, पाच भरली, पेन्सिल उचलली. आणि काचेपुढं, पावसात, एक हात वर झाला.

तो हात मी जन्मात विसरणार नाही. थोडा तिरका, पंजा उघडा, बोटं खालीवर. जगात एसटीशिवाय दुसऱ्या कशासाठीही माणूस असा हात करत नाही. सत्तरीचे गृहस्थ, माकडटोपी, मागं साडीवर रेनकोट घातलेल्या बाई. मामानं टण्‌ केली. एकच.

"मराठी पाटी दिसली म्हणून..." गृहस्थ दारात उभे राहून थरथरत म्हणाले. पुण्याचे होते, सहलीबरोबर आलेले. बाई लेस बघायला एका दुकानात थांबल्या, तेवढ्यात पुढची निळी छत्री, जिच्या मागं सगळे चालले होते, ती निघून गेली. तळावर आले तर एकसारख्या चाळीस बसगाड्या. फोनची बॅटरी संपलेली.

"मोजलं न्हाई का कुणी?" मामा ओरडला. त्यांच्यावर नव्हे, जगावर. "माणसं मोजल्याबिगर गाडी हालतीच कशी?"

मामीनं गॅस पेटवला. मी छत्री घेऊन बस शोधायला धावलो. ती पाचव्या रांगेत सापडली. सुटलेली नव्हती, आणि आत एक तरुण पोरगा घामाघूम होऊन तिसऱ्यांदा माणसं मोजत होता. परत आलो तेव्हा दोघं पाहुणे चहा पीत बसले होते आणि मामानं त्यांना 1956 पर्यंत आणून सोडलं होतं. उठताना गृहस्थांचं लक्ष मामाच्या पिशवीकडं गेलं. ते हसले, खिशात हात घातला आणि म्हणाले,

"दोन फुल्ल द्या, मास्तर. किती झाले?"

त्यांनी गंमत केली होती. मामाला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत त्याला कुणी तिकीट मागितलं नव्हतं. तो सरळ उभा राहिला. डोकं छताला लागलं.

"कुठवर?"

"आमच्या गाडीपर्यंत."

"एक टप्पा. दोघांचा मिळून एक युरो."

त्यांनी दोन युरोचं नाणं दिलं. मामानं पिशवीचे सगळे कप्पे चाचपले. सेंट होते, नोटा होत्या, एक युरो सुट्टा नव्हता. मग त्यानं वहीतून होडीचं जुनं तिकीट काढलं, पाठीवर लिहिलं '1 युरो देणे', खाली झोकदार सही केली आणि त्यांच्या हातात दिलं.

"उतरताना मागून घ्या."

आणि मग त्याच छत्रीखाली दोघांना मधे घेऊन, "पाणी हाय, बघून या, बघून या," करत त्या बसपर्यंत घेऊन गेला. आत चढून त्यानं त्या पोराच्या देखत सगळी बस मोजली. बेचाळीस. दांडीवर दोनदा वाजवलं. बस सुटली.

परत येऊन पट्टा लावताना त्याच्या लक्षात आलं. तो दारापर्यंत धावला. बसचे लाल दिवे वळणापलीकडं गेले होते. अँटवर्पपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. वहीत जमाखर्च चार वेळा मांडला. ज्यांना वाटतं की चार पैसे जास्त आले तर बिघडलं काय, त्यांनी एसटीत नोकरी केलेली नाही. तपासणीला पिशवीत रोकड कमी निघाली तर कंडक्टर भरून देतो, सुटतो. जास्त निघाली तर ती कुठून आली, हे त्याला सांगता यायला हवं.

आता मामा इस्लापूरला असतो. परवा रात्री फोन आला. मागं पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता, तो मोठमोठ्यानं बोलत होता. पैनगंगेला पूर आलाय, सहस्रकुंड भरून वाहूलालं, सोयाबीन बसलं, मामीचा गुडघा तसाच.

"आन् डायवर," तो म्हणाला, "त्या पुण्याच्या लोकांचा काई पत्ता लागला का?"

"नाही मामा."

"बघ जरा. एक युरो हाय माझ्याकडं. येगळा बांधून ठेवलाय."